कॉलरीची जमीन, आपले दुकान आणि हातातला कागद



विदर्भातील एका कॉलरीच्या बाजारात आमचे कापडाचे दुकान तेवीस वर्षे चालले. १९९३ साली अब्बांनी ते टाकले आणि २०१६ साली आम्ही ते आमच्याच हाताने उतरवले. बाजारात रस्ता एकच होता. रस्त्याच्या उत्तरेला जुन्या गावाचे गावठाण आणि दक्षिणेला कंपनीची जमीन. आमचे दुकान दक्षिणेला होते. बरोबर समोर, एका घराच्या ओसरीत, भाड्याने बसणारे टेलर मास्टर होते. आमच्याकडून कापड घ्यावे आणि रस्ता ओलांडून मास्टरांकडे शिवायला टाकावे, अशी गिऱ्हाइकांची रीतच पडून गेली होती.

खाण पुढे सरकली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजू उठल्या. मास्टरांचे नाव कारागिरांना मिळणाऱ्या एकरकमी साहाय्याच्या यादीत लागले. आम्हाला मिळाली ती जागा रिकामी करण्याची नोटीस. आमचे दुकान मोठे, माल लाखांचा, पक्की भिंत, लोखंडी शटर. मास्टरांकडे दोन मशीन आणि एक इस्त्री. तरी असे का झाले? पहिल्या दिवशी आम्ही याला अन्याय म्हटले. पुढे कागद काढले, वकिलांना विचारले, तेव्हा उलगडा झाला. कायदा त्या रस्त्याच्या दोन बाजूंकडे दोन निराळ्या नजरांनी पाहत होता, आणि आपण कोणत्या बाजूला बसलो आहोत हे आम्ही तेवीस वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांतील कोळशाच्या पट्ट्यात, भंडारा-नागपूरच्या मँगनीज खाणींजवळ, आपले कितीतरी भाऊ कापड, किराणा, चपला, शिलाई, वेल्डिंग आणि गॅरेजचा कारोबार करतात. पगाराच्या दिवशी हे बाजार असे भरतात की शहरातल्या दुकानदाराला हेवा वाटावा. पण ज्या जमिनीवर हा बाजार भरतो ती कोणाची, ती कंपनी कशी सांभाळते आणि तीत आपला हक्क किती, याचा अभ्यास फारसे कोणी करीत नाही. आम्ही तो नुकसान सोसून केला. तो येथे क्रमाने मांडत आहोत.

जमीन कंपनीकडे कशी येते?

बहुतेकांची समजूत अशी असते की खाणीची जमीन म्हणजे सरकारी जमीन आणि सरकारी जमीन म्हणजे कोणाचीच नाही. ही समजूत महागात पडते. कंपनीकडे जमीन येण्याच्या वाटा मुख्यतः तीन आहेत आणि प्रत्येक वाटेने येणारा हक्क वेगळा असतो.

पहिली वाट कोळशाची. १ मे १९७३ पासून देशातील खासगी कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे १९७५ साली कोल इंडिया स्थापन झाली. तिचीच एक उपकंपनी म्हणजे नागपुरात मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स, जिला आपण वेकोलि म्हणतो. जुन्या मालकांच्या खाणींबरोबर त्यांच्या चाळी, बंगले, रस्ते आणि बाजारही सरकारी कंपनीकडे आले. नव्या खाणींसाठी मात्र ‘कोळसाधारक क्षेत्र (संपादन व विकास) अधिनियम, १९५७’ हा वेगळा कायदा वापरला जातो. याच्या पायऱ्या ध्यानात ठेवाव्यात. कलम ४ खाली अधिसूचना निघते, तेव्हा जमिनीत कोळसा आहे का याचा शोध सुरू होतो. कलम ७ खाली निघते, तेव्हा जमीन घेण्याचा इरादा जाहीर होतो. त्यानंतर ३० दिवसांत कलम ८ प्रमाणे हितसंबंध असलेल्या माणसाला हरकत घेता येते. कलम ९ खाली संपादनाची घोषणा होते. कलम १० प्रमाणे ती जमीन सर्व बोजांपासून मुक्त होऊन केंद्र सरकारकडे जाते आणि कलम ११ खाली ती सरकारी कंपनीच्या नावे करता येते.

‘सर्व बोजांपासून मुक्त’ हे शब्द व्यापाऱ्याने दोनदा वाचावेत. गहाण, भाडेपट्टा, वहिवाट, कोणाला दिलेला तोंडी शब्द, हे सारे त्या तारखेला जमिनीपासून सुटते. नंतर उरतो तो भरपाईचा दावा. जमिनीवर बसून राहण्याचा हक्क उरत नाही.

दुसरी वाट इतर खनिजांची, म्हणजे मँगनीज, लोहखनिज, चुनखडी यांची. येथे कंपनीला खाणपट्टा मिळतो. हा पट्टा खनिज काढण्याचा असतो. वरची जमीन त्यामुळे आपोआप कंपनीच्या मालकीची होत नाही. ती शेतकऱ्याची, गावाची किंवा वनखात्याची असू शकते. कंपनी भरपाई देऊन तिचा वापर करते. पट्ट्याला मुदत असते, आणि मुदत संपली की कंपनीचा खनिज काढण्याचा हक्कही संपतो.

तिसरी वाट सरळ खरेदीची. कंपनी, विशेषतः खासगी कंपनी, शेतकऱ्याकडून खरेदीखताने जमीन घेते. तेथे ती इतर कोणत्याही जमीनमालकासारखी मालक असते.

आपल्या बाजाराखालची जमीन या तीनपैकी कोणत्या वाटेने आली हे सातबारा उताऱ्यावर आणि त्यामागच्या फेरफारावर दिसते. तलाठ्याकडे जाऊन ते पाहायला अर्धा दिवस पुरतो. आम्ही तो अर्धा दिवस तेवीस वर्षांत काढला नाही.

कंपनी आपली मालमत्ता कशी सांभाळते?

खाण कंपनीजवळ हजारो एकर जमीन असते, पण कोळसा निघतो तो तिच्या एका भागातूनच. बाकीच्या जमिनीवर मातीचे ढिगारे, कोळशाचा साठा, रेल्वे सायडिंग, रस्ते, कार्यशाळा, कामगारांच्या वसाहती, दवाखाना, शाळा आणि बाजार असतो. काही जमीन पुढच्या विस्तारासाठी राखून ठेवलेली असते. ती दहा-वीस वर्षे मोकळी पडलेली दिसते, आणि अशाच मोकळ्या जमिनीवर बाजार वसतात. आपल्याला वाटते, इतकी वर्षे कोणी काही म्हटले नाही, आता काय म्हणतील? पण कंपनीच्या नकाशावर त्या तुकड्याखालचा कोळसा मोजलेला असतो आणि तो केव्हा काढायचा याचा अंदाजही लिहिलेला असतो.

ही सारी मालमत्ता इस्टेट विभाग सांभाळतो. कोणते क्वार्टर कोणाला, कोणता गाळा कोणत्या भाड्याने, अतिक्रमण कोठे, याच्या नोंदी तेथे असतात. आपल्या दुकानाची नोंद तेथे कोणत्या रकान्यात आहे, ‘परवानाधारक’ की ‘अतिक्रमण’, हे प्रत्येकाने माहीत करून घ्यावे. सार्वजनिक कंपनीकडे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून ही नोंद मागता येते.

क्वार्टरविषयी एक इशारा. खाणीतली माणसे कमी झाली की क्वार्टर रिकामी पडतात. काही कामगार आपले क्वार्टर बाहेरच्याला भाड्याने देतात, आणि आपले व्यापारी तेथे गोदाम करतात, कारागीर हातमशीन बसवतात. कामगाराला ते क्वार्टर नोकरीपुरते राहायला मिळालेले असते. जो हक्क त्याच्याकडे नाही तो तो आपल्याला देऊ शकत नाही. त्याची बदली झाली, तो निवृत्त झाला, की आपला माल रस्त्यावर. शिवाय भूमिगत खाणीच्या वरची जमीन कोळसा काढल्यानंतर खचू शकते. अशा भागात पक्के बांधकाम किंवा जड यंत्र बसवण्यापूर्वी खाण कोठून गेली आहे हे विचारलेच पाहिजे.

पट्टा, परवाना आणि मुकाट वहिवाट

कंपनीच्या जमिनीवर बसलेले दुकानदार तीन प्रकारचे असतात.

भाडेपट्टा असेल तर जागेत आपला हितसंबंध निर्माण होतो. मुदत, भाडे, नूतनीकरण आणि रिकामी करण्याच्या अटी लिहिलेल्या असतात. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदवलेला असावा लागतो. पुढे जमिनीचे संपादन झाले तर पट्टेदार भरपाईत आपला वाटा मागू शकतो.

परवाना, म्हणजे लायसन्स, ही केवळ वापरण्याची परवानगी. तीत जागेचा हक्क येत नाही. देणाऱ्याने अटींप्रमाणे काढून घेतली की संपली. कॉलरी बाजारातले बहुतेक गाळे आणि ओटे याच प्रकारचे असतात.

तिसरा प्रकार मुकाट वहिवाटीचा. कोणी बसवले नाही, कोणी उठवले नाही, दर महिन्याला कोणीतरी पावती देऊन किंवा न देता पैसे घेऊन जातो. यात हातात काहीच नसते.

आमचे दुकान दुसऱ्या प्रकारचे होते आणि आम्ही ते पहिल्या प्रकारचे समजत होतो. अब्बांनी १९९३ साली एका छापील कागदावर सही केली होती. कागद इंग्रजीत, सही उर्दूत. आमचेही शिक्षण उर्दू माध्यमातले. तलाठ्याच्या दप्तराची मराठी आणि कंपनीच्या कागदाची इंग्रजी आम्ही दुकानात बसून, अडत अडत शिकलो. दरवर्षी नूतनीकरणाचा कागद यायचा. बाबू म्हणायचे, “शेठ, येथे सही करा.” आम्ही करायचो. त्या कागदात एक अट होती: कंपनीला गरज पडल्यास परवाना केव्हाही रद्द करता येईल, परवानाधारकाने कायम स्वरूपाचे बांधकाम करू नये, आणि केल्यास त्याची भरपाई मिळणार नाही. ही अट आम्ही प्रथम वाचली ती नोटीस आल्यानंतर. तोवर भिंत आणि शटर यांवर आमचे दोन लाखांहून अधिक रुपये खर्च झाले होते.

याचा दोष कोणाला द्यावा? बाबूंनी वाचून दाखवले नाही हे खरे. पण गिऱ्हाइकाला कापड देताना आपण गज मोजून देतो, ताग्याची किनार उलगडून दाखवतो आणि घेताना गिरणीच्या मालाचा दोरा तपासतो. तोच आमचा हात कागदावर सही करताना तपासणी विसरला.

नोटीस आली तर

सरकारी कंपनीच्या जागेतून काढण्यासाठी ‘सार्वजनिक जागा (अनधिकृत भोगवटादारांना काढून टाकणे) अधिनियम, १९७१’ लागू होतो. ज्या कंपनीत केंद्र सरकारचे भांडवल ५१ टक्क्यांपेक्षा कमी नाही, तिची जागा या कायद्यात ‘सार्वजनिक जागा’ ठरते. परवाना संपल्यावर किंवा रद्द झाल्यावर बसून राहणे हेसुद्धा या कायद्याने अनधिकृतच आहे.

पुष्कळ दुकानदार म्हणतात, आम्ही इतक्या वर्षांचे भाडेकरू, आम्हाला भाडे नियंत्रणाचे संरक्षण आहे. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अशोका मार्केटिंगच्या प्रकरणात ठरवले की सार्वजनिक जागांच्या बाबतीत हा १९७१ चा कायदा भाडे नियंत्रण कायद्याच्या वरचढ आहे. म्हणून त्या भरवशावर राहू नये.

या कायद्याखाली कंपनीचाच नेमलेला इस्टेट ऑफिसर कारणे दाखवा नोटीस देतो, म्हणणे ऐकतो आणि आदेश काढतो. त्याच्या आदेशावर १२ दिवसांत जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करता येते. दिवाणी न्यायालयात वेगळा दावा चालत नाही. मुदत उलटूनही बसून राहिल्यास जागेच्या बेकायदा वापराबद्दल नुकसानभरपाई व्याजासह आपल्याकडूनच वसूल होऊ शकते. आम्ही ही नोटीस गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवून नऊ दिवस पुढाऱ्यांच्या घरी फिरलो. पुढाऱ्यांनी चहा पाजला. वकिलाकडे गेलो तेव्हा उत्तराची तारीख उलटून गेली होती.

उत्तर दिले असते तर जागा वाचली असती असे आम्ही म्हणत नाही. पण माल काढायला दोन महिन्यांची मुदत मागता आली असती, नव्या बाजारात गाळा मागण्याचा अर्ज नोंदीवर आला असता. आमच्या शेजारच्या किराणा दुकानदाराने तेवढे केले आणि त्याला मुदत मिळाली. आम्ही हंगामाच्या तोंडावर माल पडत्या भावाने काढला.

खासगी कंपनीच्या जागेला १९७१ चा हा कायदा लागत नाही. तेथे करार काय म्हणतो आणि सामान्य न्यायालय काय म्हणते हे पाहावे लागते.

नवे संपादन: भाडेकरूचा आणि कारागिराचा हक्क

आता रस्त्याच्या उत्तर बाजूकडे वळू. गावठाणाची जमीन कंपनीची नव्हती. ती नव्याने घेतली जात होती. येथेच सारा फरक पडला.

२०१३ च्या भूमिसंपादन व पुनर्वसन कायद्यातील भरपाई आणि पुनर्वसनाच्या अनुसूची १ जानेवारी २०१५ पासून कोळशाच्या १९५७ च्या कायद्याखालील संपादनालाही लागू झाल्या. या कायद्यात ‘बाधित कुटुंब’ म्हणजे केवळ जमीनमालक नाही. ज्यांच्याकडे जमीन नाही पण जे संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात भाडेकरू, कारागीर किंवा कामकरी म्हणून आहेत आणि ज्यांचे पोट मुख्यतः त्यावर चालते, तेही त्यात येतात. कारागीर हा शब्द कायद्यात स्पष्ट लिहिलेला आहे.

दुसऱ्या अनुसूचीतील काही रकमा अशा आहेत. विस्थापित होणारा कारागीर, छोटा व्यापारी किंवा स्वयंरोजगार करणारा, यांच्या कुटुंबाला एकरकमी किमान २५,००० रुपये. छोटे दुकान असलेल्या कुटुंबाला ते पुन्हा उभारण्यासाठी किमान २५,००० रुपये. विस्थापित कुटुंबाला सामान हलवण्यासाठी ५०,००० रुपये, एक वर्ष दरमहा ३,००० रुपये निर्वाह भत्ता, आणि ५०,००० रुपये एकरकमी पुनर्वसन भत्ता. या रकमा मोठ्या नाहीत. पण उठलेल्या माणसाला नव्या जागी दोन मशीन मांडायला आणि पहिले वर्ष काढायला त्या उपयोगी पडतात.

मास्टरांना हे मिळाले ते कशाच्या जोरावर? ते फार शिकलेले नव्हते. पण त्यांच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती. तीत घरमालकाशी केलेला भाड्याचा करार, दर महिन्याची भाडेपावती, ग्रामपंचायतीला भरलेल्या कराच्या पावत्या, वीजबिल आणि मशीन घेतल्याचे बिल, हे सारे वर्षावार बांधून ठेवलेले होते. सर्वेक्षणाला माणसे आली तेव्हा मास्टरांनी पेटी पुढे केली. त्यांच्याच ओळीत बसणाऱ्या एका चप्पल कारागिराजवळ पंधरा वर्षांच्या कामाचा एकही कागद नव्हता. यादी लागली, त्यात त्याचे नाव नव्हते.

सर्वेक्षण हा या व्यवहाराचा कणा आहे. त्या दिवशी दुकान बंद ठेवून लग्नाला जाऊ नये. आपली नोंद कोणत्या नावाने, कोणत्या धंद्याखाली झाली हे पाहावे आणि पोच घ्यावी.

वारसांची गोष्ट

ज्यांची स्वतःची शेती वा घरजागा संपादनात जाते त्यांच्यासाठी एक वेगळी काळजी. आपल्याकडे बाप वारला तरी सातबारा वर्षानुवर्षे त्याच्याच नावावर राहतो. मोठा भाऊ कसतो, बाकीचे गप्प. जमीन जाण्याची वेळ आली की भरपाईचा चेक आणि नोकरीचा प्रश्न येतो. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असा हिशेब आहे, आणि मग घरात कलह होतो. बहिणींचे हिस्से तर विचारातच घेतले जात नाहीत. शरीअतने बहिणीला दिलेला हिस्सा हा कोणाची मेहरबानी नाही. तो आधी नोंदवला नाही तर पुढे हरकती येतात, भरपाईची रक्कम वादात अडकते आणि नुकसान सगळ्यांचे होते. म्हणून वारसनोंद आजच करावी, अधिसूचनेची वाट पाहू नये.

तसेच अधिसूचना निघाल्याची कुजबूज ऐकून चढ्या भावाने जमीन घेणारेही आपल्यात आहेत. ‘कंपनी दुप्पट देणार’ असे दलाल सांगतो. ज्याला खरोखर दुप्पट मिळणार आहे तो आपल्याला का विकतो, एवढा प्रश्न स्वतःला विचारावा आणि अधिसूचनेची तारीख पाहिल्याशिवाय विसार देऊ नये.

खाण संपल्यावर

खाण पुढे सरकली की बाजार उठतो, आणि खाण संपली की गिऱ्हाईक उठते. दुसरा धोका पहिल्यापेक्षा मोठा आहे, कारण त्याची नोटीस येत नाही.

कर्नाटकातील कोलार गोल्ड फील्ड्स हे सोन्याच्या खाणीवर उभे राहिलेले शहर. १९०२ साली शिवसमुद्रमहून तेथे वीज आली, तेव्हा देशातल्या अनेक मोठ्या शहरांनाही ती मिळाली नव्हती. २८ फेब्रुवारी २००१ रोजी भारत गोल्ड माइन्सने खाण बंद केली. जमीन, क्वार्टर, मातीचे डोंगर कंपनीच्या नावावर राहिले, आणि बाजाराला पोसणारा पगार थांबला. गोव्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खाणकाम थांबले. ट्रकवाले, गॅरेजवाले, टायर आणि सुट्या भागांचे दुकानदार हप्ते डोक्यावर घेऊन बसले. ज्यांनी पट्ट्याची मुदत पाहून कर्ज काढले असते त्यांचे ओझे कमी झाले असते.

झारखंडमधील झरिया येथे जमिनीखालच्या कोळशाला १९१६ पासून आग आहे. तेथील लोकांना हलवण्यासाठी २००९ साली आराखडा मंजूर झाला. त्यात कायदेशीर हक्क असलेले आणि नसलेले असे दोन वर्ग पडले. जून २०२५ मध्ये सुधारित आराखडा मंजूर झाला, त्यात दोन्ही वर्गांना एक लाख रुपये उपजीविका अनुदान आणि तीन लाखांपर्यंत कर्जाची सोय ठेवली आहे. कागद नसलेल्या माणसाच्या पोटाचाही विचार आता होऊ लागला आहे, ही समाधानाची बाब आहे. पण त्यासाठी किती वर्षे गेली तेही पाहावे.

कोळसा काढून झालेल्या जमिनीचे काय होते? एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारने यासाठी धोरण मंजूर केले. त्याप्रमाणे अशा जमिनीची मालकी सरकारी कोळसा कंपनीकडेच राहते. ती ठरावीक कामांसाठी भाडेपट्ट्याने देता येते. कोळसा धुण्याचे कारखाने, वीज व सौर प्रकल्प, सायडिंग, वनीकरण, आणि बाधित कुटुंबांचे पुनर्वसन ही त्यातली काही कामे. ‘खाण संपली की जमीन पुन्हा आपल्याला मिळेल’ या आशेवर कोणी बसू नये. पुनर्वसनाच्या वसाहतीत बाजाराचे गाळे मागण्याची वाट मात्र मोकळी आहे, आणि ती मागणी एकेकट्याने करण्यापेक्षा संघटनेने केली तर तिला वजन येते.

याच्या जोडीला जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणवाल्यांना रॉयल्टीच्या प्रमाणात, लिलावाने मिळालेल्या पट्ट्यांवर १० टक्के आणि जुन्या पट्ट्यांवर ३० टक्के, रक्कम या निधीत भरावी लागते. ती खाणबाधित भागासाठी आहे; कौशल्य आणि रोजगाराची कामेही त्यात बसतात. आपल्या शिंपी, लोहार, सुतार बंधूंच्या संघटनांनी याची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयातून जरूर घ्यावी.

काय करावे?

आमच्या अनुभवाचा सारांश असा:

१. दुकानाखालच्या जमिनीचा सातबारा आणि फेरफार काढावा. मालक कोण आणि जमीन केव्हा, कोणत्या वाटेने आली हे लिहून ठेवावे.

२. हातातला कागद पट्टा आहे की परवाना, हे जाणकाराकडून वाचून घ्यावे. समजेल त्या भाषेत अटी उतरवून घेतल्याशिवाय सही करू नये.

३. परवान्याच्या जागेवर पक्के बांधकाम करू नये. उचलून नेता येईल असे कपाट, पत्रा, मांडणी यांवरच खर्च करावा.

४. भाडे बँकेतून द्यावे, पावती घ्यावी. ग्रामपंचायतीची करपावती, वीजबिल, दुकान नोंदणी, उद्यम नोंदणी, यंत्रांची बिले यांची वर्षावार फाईल ठेवावी. तीन वर्षांचा सलग पुरावा हवा.

५. खासगी घरमालकाशी करार लेखी आणि नोंदवलेला असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती मालकाचीही जबाबदारी आहे.

६. नोटीस आल्या दिवशी वकिलाकडे जावे. पुढाऱ्याकडे नंतर जावे.

७. कॉलरीच्या गिऱ्हाइकाला उधारी एका पगारापलीकडे वाढू देऊ नये. खाण बंद होऊ लागली की कामगारांच्या बदल्या दूरच्या खाणींवर होतात. आमच्या खतावणीत सुमारे पावणेदोन लाख रुपये अशा नावांवर आहेत, ज्यांचे पत्ते आज आम्हाला ठाऊक नाहीत. त्यातले बहुतेक लोक नेकीचे होते. बदलीचा हुकूम आणि गाडीची वेळ यात त्यांना चार दिवसही मिळाले नाहीत.

८. सगळा माल आणि सगळी गिऱ्हाइके एकाच बाजारात ठेवू नयेत. शेजारच्या तालुक्याच्या गावी एक छोटी जागा, निदान आठवडी बाजाराचा एक दिवस, हाताशी असावा.

असो. आज आमचे दुकान तालुक्याच्या गावी भाड्याच्या गाळ्यात आहे. करार मराठीत आहे. धाकट्या मुलाने तो मोठ्याने वाचला आणि आम्ही प्रत्येक अटीवर बोट ठेवून ऐकले, मग सही केली. टेलर मास्टर दोन गल्ल्या पलीकडे बसतात. मिळालेल्या पैशात थोडी भर घालून त्यांनी तिसरी मशीन घेतली आणि पुतण्याला हाताशी घेतले. आमच्याकडून कापड घेतलेले गिऱ्हाईक आम्ही आजही त्यांच्याकडेच पाठवतो. त्यांची ती पत्र्याची पेटी मशीनशेजारीच असते. तशीच एक आम्हीही बाजारातून आणली आहे.

ज्या बंधूंचे दुकान अजून कॉलरीच्या बाजारात आहे, त्यांनी पुढच्या सुट्टीच्या दिवशी आपले सगळे कागद एकदा बाहेर काढून मांडावेत. काय आहे आणि काय नाही, हे त्यांना त्यातून कळेल. जे नाही ते मिळवण्यासाठी आज वेळ आहे.